मेंदूला रक्तपुरवठा कमी पडतोय म्हणतात, यावर नक्की ट्रीटमेंट काय असते? (बाबांबद्दल, जरा अर्जंट)

मीनल_सातारा
नमस्कार मंडळी, एरवी मी इथे फक्त वाचत असते पण आज लिहितेय कारण डोकं चालेनासं झालंय. बाबा ६८ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, बीपीची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू, शुगर बॉर्डरला. आज सकाळी चहा घेताना उजव्या हातातली बशी निसटली, आम्हाला वाटलं चटका बसला असेल, पण बोलायला गेले तर जीभ एकदम जड, पेपर मागायचा होता तर भलतंच काहीतरी पुटपुटले आणि आपल्याला नीट बोलता येत नाहीये हे त्यांचं त्यांना कळत होतं म्हणून अजूनच चिडले. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं आईला वाटलं. मी रिक्षा बोलवेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, सगळं पूर्ववत. नंतर आंघोळ केली, पूजा केली, जेवले, आत्ता बातम्या बघतायत.
गल्लीतल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, १६०/९५ होतं, म्हणाले सवडीने तपासण्या करून घ्या. शेजारचे काका म्हणाले हे मेंदूला रक्तपुरवठा कमी पडल्याचं लक्षण, त्यांनाही असंच सांगितलेलं, त्यांची रक्ताभिसरणाची एक गोळी आहे ती बाबांना चालू करा. बाबा म्हणतात मला काही झालेलं नाही. कुणाला अनुभव आहे का, कुठली ट्रीटमेंट घ्यायची, मोठ्या डॉक्टरकडे सोमवारची अपॉइंटमेंट मिळतेय ती घेऊ का?

अभय_नाशिक
मीनलताई, सोमवार नाही, आत्ता. काकांची गोळी देऊ नका. जिथे सीटी, एमआरआय आणि न्यूरोचा डॉक्टर तिन्ही आहेत अशा ठिकाणी आज रात्रीच घेऊन जा आणि सकाळी किती वाजता सुरू झालं, किती वेळ राहिलं, हे कागदावर लिहून न्या. माझ्या मिसेसला मोठा झटका येऊन गेलाय, त्यामुळे हे वाचूनच मला धस्स झालं. बरं वाटलं म्हणजे टळलं असं यात नसतं हो.

डॉ_वऱ्हाडी
अभयरावांना पूर्ण अनुमोदन. मी न्यूरोलॉजीतच काम करतो, पेशंट न बघता औषध सांगत नाही, पण एवढं नक्की सांगतो की तुम्ही लिहिलंय ते टीआयए वाटतं, म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचं रक्त थोड्या वेळापुरतं तुटलं आणि परत सुरू झालं. याला मिनी स्ट्रोक म्हणतात म्हणून लोक निर्धास्त होतात आणि तिथेच घात होतो. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासात टीआयए होऊन गेलेल्या साधारण दहातल्या एकाला पुढच्या ९० दिवसांत खरा स्ट्रोक, म्हणजे लकव्याचा झटका आला, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांत. म्हणजे बाबांसाठी सगळ्यात धोक्याचे तास आत्ता चालू आहेत. उलट बाजूही तेवढीच खरी आहे, ऑक्सफर्डला २००७ साली दाखवलं गेलं की टीआयएच्या पेशंटला ताबडतोब तपासून लगेच औषधं सुरू केली तर ९० दिवसांतल्या स्ट्रोकचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर येतं. औषधं साधीच होती, जुनीच होती, फरक फक्त लवकर दिल्याचा.
वाटेत परत काही झालं तर: तोंडात पाणी, गोळी, साखर काही घालू नका, गिळणं बिघडलेलं असतं, श्वासनलिकेत जातं. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जास्तीची गोळी देऊ नका, मेंदूच त्या वेळी रक्त ढकलायला बीपी वाढवत असतो, एकदम खाली आणलं तर नुकसान वाढतं. अॅस्पिरिनही घरी नको, आधी सीटीत रक्तस्राव नाही हे दिसू दे. १०८ ला फोन करा.

मीनल_सातारा
निघतोय. बाबांना भावाने कसंबसं तयार केलं.

गोदाकाठ
मीनलताई काळजी घ्या, कळवा. डॉक, धाग्यात घुसतेय, माफ करा, पण माझ्या सासूबाईंनाही "मेंदूला रक्तपुरवठा कमी" असंच सांगितलंय आणि वर्षानुवर्षं गोळ्या चालू आहेत. त्यांना चक्कर येते. कुशीवर वळल्या की, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली की, घर फिरतं म्हणतात, भिंतीला धरून उभ्या राहतात, मिनिटभरात थांबतं. मानेचा एक्सरे काढला, त्यात मणके झिजलेत म्हणाले, मणक्यांनी नस दबते म्हणून रक्त कमी जातं म्हणे. पट्टा पण दिलाय गळ्यात. मग आमच्याही घरात हीच घाई करायला हवी का?

डॉ_वऱ्हाडी
गोदाकाठ, बरं झालं विचारलंत, कारण हा गोंधळ मी रोज बघतो. तुमच्या सासूबाईंचं वर्णन कानाच्या चकरेचं आहे, बीपीपीव्ही म्हणतात. आतल्या कानात तोल सांभाळणारे बारीक कण असतात ते जागा सोडून अर्धगोल नळ्यांत जातात, मग डोकं ठरावीक बाजूला वळलं की काही सेकंद गरगरतं. मेंदूच्या रक्ताचा इथे संबंध नाही. साठीनंतर मानेचा एक्सरे काढला तर जवळपास प्रत्येकाचे मणके झिजलेले दिसणार, त्यावरून रक्तवाहिनी दबली असं ठरवता येत नाही. यावर उपाय म्हणजे एपली मॅन्युव्हर, कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा शिकलेला फिजिओ टेबलावर झोपवून डोकं क्रमाने वळवतो, पाच-दहा मिनिटांचं काम, बहुतेकांना एक-दोन बैठकांत फरक पडतो.
आणि त्या गोळ्यांची पाकिटं कृपया नीट बघा. त्यात सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन असेल तर वयस्कर माणसांत ते महिनोन्महिने चालू ठेवल्याने हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा ठोकळ्यासारखा होणं, असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. मग त्यावर आणखी गोळी सुरू होते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मूळ दुखणं टेबलावर बरं होणारं असतं.
चक्कर कधी सीरियस धरायची, तर अचानक सुरू होऊन थांबतच नाही, सोबत दोन-दोन दिसतंय, बोलणं अडखळतंय, उभं राहिलं की एका बाजूला कोसळायला होतंय, किंवा आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं दुखतंय. तेव्हा मागच्या रक्तवाहिन्यांचा स्ट्रोक असू शकतो आणि मग घाईच करायची.

गोदाकाठ
हात थरथरतात हो त्यांचे हल्ली!! आम्ही वयाचं म्हणत होतो. उद्याच पाकिटं घेऊन जाते.

बाबू_देवगड
आमच्याकडची गोष्ट सांगतो. गावात दरवर्षी कितीतरी म्हातारी माणसं सलाईन लावून घेतात, रक्त पातळ होतं आणि वारं जात नाही म्हणून. आणि कुणाला लकवा मारला की पारव्याचं रक्त अंगाला चोळायचं, गाडी करून लांबच्या गावी झाडपाल्याचं औषध घ्यायला न्यायचं. माझ्या चुलत्यांना असंच नेलं आणि दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात आणलं तेव्हा गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेलेली. पण लोक म्हणतात की अमका तिथे जाऊन बरा झाला, त्याला काय उत्तर द्यायचं?

डॉ_वऱ्हाडी
बाबूदादा, उत्तर असं की तो अमका बरा झाला हे खरंच असतं. एक तर टीआयए असतो, तो कुणीही काहीही न करता मिनिटांत-तासात जातो. दुसरं, नुसतं तोंड वाकडं होणारा एक आजार असतो, बेल्स पाल्सी, त्यात चेहऱ्याची नस सुजलेली असते, हात-पाय ठीक असतात, त्या बाजूला कपाळावर आठीही घालता येत नाही आणि डोळा मिटत नाही, आणि यातले बरेच जण काही आठवड्यांत आपसूक सुधारतात. तिसरं, खऱ्या स्ट्रोकमध्येही पहिल्या काही आठवड्यांत शरीर स्वतःहून थोडं भरून काढतं. या तिघांचं श्रेय त्या दिवसांत जे केलं त्याला मिळतं. सलाईनने रक्त पातळ राहत नाही, काही तासांत लघवीवाटे निघून जातं, आणि हृदय कमजोर असेल तर धाप लागते.
वेळेचं गणित मात्र कुणासाठी थांबत नाही. आपला मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी २० टक्के एकटा खातो आणि साठा काही करत नाही. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं, ते २० च्या खाली गेलं की तो भाग काम थांबवतो, १० च्या खाली गेलं की पेशी मरायला लागतात. या दोन आकड्यांच्या मधे जो भाग असतो तो बंद पडलेला असतो पण जिवंत असतो, आणि आमची सगळी धावपळ त्याच्यासाठी असते. मोठी रक्तवाहिनी बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी जातात असा हिशोब २००६ साली मांडला गेलाय.

अभय_नाशिक
डॉक बोलले त्याच वेळेबद्दल सांगतो. मिसेस संध्याकाळी पोळ्या करत होती, लाटणं हातातून सुटलं आणि डावा हात तसाच ओट्यावर पडून राहिला, तिला तो आपला हात आहे हेच कळेना, "हा कुणाचा हात इथे ठेवलाय" म्हणाली. भाचा घरात होता, फार्मसीचा विद्यार्थी, त्याने घड्याळ बघितलं आणि आम्ही सरळ मोठ्या हॉस्पिटलला नेलं, वाटेतल्या नेहमीच्या दवाखान्यात थांबलोच नाही. गेल्यावर पहिला प्रश्न, शेवटचं ठणठणीत कधी बघितलं. सीटी झाला, रक्तस्राव नाही, मग गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस दिलं, दोन तासांच्या आत. रात्री बोटं हलायला लागली. आज ती पोळ्या करते, बटणं लावताना तेवढी अडते.

न्यूजर्सीचा_पुणेकर
अभयदादा ग्रेट. इथे असल्यामुळे एक भर घालतो. गुठळीचं पहिलं इंजेक्शन, अल्टेप्लेस, १९९५ च्या अमेरिकन ट्रायलनंतर आलं, तेव्हा ३ तासांची मर्यादा होती, २००८ च्या युरोपियन ट्रायलनंतर साडेचार झाली. आणि मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढतात, थ्रॉम्बेक्टॉमी, २०१५ साली एकापाठोपाठ एक ट्रायल्सनी ते सिद्ध केलं आणि २०१८ पासून निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत करतात, झोपेतून उठल्यावर लक्षात आलेला स्ट्रोक असला तरीही. त्यामुळे साडेचार तास उलटले म्हणून घरी बसू नका. पुणे-मुंबई-नागपूर-नाशिकला हे होतं, आपल्या गावाजवळ नक्की कुठे होतं ते आजच शोधून फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मीनल_सातारा
मंडळी, अपडेट. तुम्ही ढकललं म्हणून गेलो, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. रात्री सीटी नॉर्मल आला, पण सकाळी एमआरआयमध्ये डाव्या बाजूला दोन-तीन बारीक ठिपके दिसले, ताजे. ईसीजी ठीक. गळ्याची डॉपलर आणि मग सीटी अँजिओ केली, डाव्या कॅरोटिडमध्ये (गळ्यातून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी) ८० टक्के ब्लॉक, उजवीकडे ४०. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अॅटोर्वास्टॅटिन (कोलेस्ट्रॉलची गोळी) लगेच चालू केलंय. आता पुण्याचे एक डॉक्टर म्हणतात मान उघडून ब्लॉक काढायचा आणि तोही दोन आठवड्यांच्या आत, दुसरे म्हणतात स्टेंट टाकू. आणि आमचे एक आप्त म्हणतायत गोळ्यांनी विरघळेल, घाई कशाला, दुधीचा रस द्या. मला एक कळत नाही, ब्लॉक हळूहळू झालाय, मग आत्ताच अचानक रक्त कसं कमी पडलं?

डॉ_वऱ्हाडी
मीनलताई, शेवटच्या प्रश्नातच सगळं आहे. मेंदूकडे चार वाटा जातात, पुढून दोन कॅरोटिड, मागून दोन व्हर्टिब्रल, आणि त्या मेंदूच्या तळाशी एका कड्यात एकमेकींना मिळतात. त्यामुळे एक वाट हळूहळू अरुंद झाली तर बाकीच्या बऱ्याचदा भागवून नेतात, पूर्ण बंद झालेली कॅरोटिड घेऊन काही न होता फिरणारी माणसं मी बघितलीत. बाबांच्या बाबतीत झालंय ते असं की त्या जागी साचलेल्या चरबीचा थर फाटला, त्यावर गुठळी धरली, आणि तिचे तुकडे वर वाहत जाऊन बारीक फांद्यांत अडकले. एमआरआयमधले ते ठिपके म्हणजे तेच. म्हणून "रक्ताभिसरण वाढवणारी" गोळी इथे उपयोगाची नाही, तुकडे सुटणं थांबवायला हवं. सिटिकोलीन नावाचं औषध आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, त्याची स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीत दोन हजारांहून जास्त स्ट्रोक पेशंटवर कसून चाचणी झाली, २०१२ ला निकाल आला, फायदा दिसला नाही. ते पैसे वाचवा.
तुकडे कसे थांबतात: दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकत्र, पहिल्या २४ तासांत सुरू करून साधारण तीन आठवडे, मग एकच. चीनमध्ये पाच हजारांवर पेशंटच्या ट्रायलमध्ये २०१३ साली ९० दिवसांतले स्ट्रोक ११.७ टक्क्यांवरून ८.२ वर आले. महिनोन्महिने दोन्ही घेत राहिलं तर रक्तस्राव वाढतो, म्हणून बंद कधी करायची ती तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, हे फार वेळा राहून जातं. स्टॅटिनने तो थर घट्ट होतो, पुन्हा फाटायची शक्यता कमी होते. विरघळून ८० चा २० होईल ही आशा मात्र नको.
ऑपरेशनबद्दल. ७० टक्क्यांच्या वर ब्लॉक आणि त्याच बाजूने त्रास झालेला, अशा पेशंटसाठी १९९१ ची अमेरिका-कॅनडाची ट्रायल आजही पायाभूत धरतात: नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक २६ टक्क्यांना, ऑपरेशन केलेल्यांत ९ टक्क्यांना. फायदा सगळ्यात जास्त पहिल्या दोन आठवड्यांत, नंतर झपाट्याने उतरतो, त्यामुळे पुण्याचे डॉक्टर घाई करतायत ते बरोबर आहे. स्टेंट की ऑपरेशन, तर २०१० च्या मोठ्या तुलनेत स्टेंटमध्ये त्या वेळचे स्ट्रोक जास्त आणि ऑपरेशनमध्ये हार्ट अटॅक जास्त दिसले, आणि सत्तरी जवळ आली की तराजू ऑपरेशनकडे झुकतो. गळ्याला आधी रेडिएशन झालेलं असेल, हृदय फार कमजोर असेल, तर स्टेंट. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: तुमच्या स्वतःच्या हाताने केलेल्या अशा पेशंटमध्ये किती टक्क्यांना स्ट्रोक किंवा मृत्यू झाला? लक्षणं होऊन गेलेल्या पेशंटमध्ये हा आकडा ६ टक्क्यांच्या आत हवा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.
उजवीकडच्या ४० ला हात लावायचा नाही, औषधं पुरे.

स्नेहल_ठाणे
डॉक, मग माझ्या मिस्टरांना स्टेंट का नको म्हणाले? त्यांचा ब्लॉक गळ्यात नाही, डोक्याच्या आत आहे. हार्टला स्टेंट टाकतात तर मेंदूला का नाही, पैसे भरायची तयारी आहे आमची.

डॉ_वऱ्हाडी
स्नेहलताई, तुमचे डॉक्टर भले आहेत, पैसे घेऊन स्टेंट टाकू शकले असते. आपल्याकडे आणि एकूणच आशियात कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्यांचे ब्लॉक जास्त दिसतात. या वाहिन्या नाजूक, त्यांना बाहेरून आधार नाही, आणि त्यांच्यापासून फुटणाऱ्या बारीक फांद्या स्टेंटने दबून बंद होतात. २०११ ला अमेरिकेतली ट्रायल मधेच थांबवावी लागली, ३० दिवसांत स्टेंटवाल्यांत १४.७ टक्क्यांना स्ट्रोक किंवा मृत्यू, कडक औषधोपचारवाल्यांत ५.८. कडक म्हणजे वरचं बीपी १४० च्या खाली, एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) ७० च्या खाली, सिगारेट-तंबाखू पूर्ण बंद, रोज चालणं, आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र, कवटीच्या आतल्या ब्लॉकमध्ये तीन आठवडे नाही तर ९० दिवस. जमतंय का बघा, यात पैसे कमी लागतात पण रोज नेम लागतो.

भाग्यश्री_बंगळूर
मी वेगळं सांगते, कारण लहान मुलांत असं काही होतं हे आम्हालाही माहीत नव्हतं. माझी भाची, शाळेत जाणारी, गरम वरणभातावर फुंकर घालताना तिच्या हातातून चमचा पडायचा, आणि रडली की एक पाय ओढायची. नाटक करते म्हणून ओरडा खायची बिचारी. शेवटी एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिला दवाखान्यात भिरभिरं फुंकायला लावलं, समोरच हात लुळा पडला. मोयामोया निघाला. मेंदूच्या तळाच्या मुख्य वाहिन्या आपोआप बारीक होत जातात. जोरात श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने वाहिन्या आणखी आकसतात, म्हणून फुंकर आणि रडणं. तिची दोन्ही बाजूंची ऑपरेशन्स झाली, कानाजवळची कातडीतली धमनी घेऊन मेंदूच्या पृष्ठभागावर ठेवतात, आणि काही महिन्यांत तिथून नव्या बारीक वाहिन्या आत रुजतात. आता बासरी सोडून सगळं करते.

डॉ_वऱ्हाडी
भाग्यश्रीताई, त्या बालरोगतज्ज्ञांना माझा नमस्कार सांगा. असं बायपास १९६७ ला झुरिकला पहिल्यांदा झालं आणि मोठ्या माणसांच्या साध्या ब्लॉकसाठीही खूप केलं गेलं, पण १९८५ च्या आणि परत २०११ च्या ट्रायलमध्ये त्यांना फायदा दिसला नाही. मोयामोयात मात्र ते खरंच उपयोगी ठरतं. म्हणूनच मी सारखा विचारत असतो, रक्त कमी पडतंय ते कुठल्या वाहिनीतून आणि कशाने. तेच हृदयाचे ठोके अनियमित असतील तर गुठळी हृदयात बनते, तिथे अॅस्पिरिन पुरत नाही, अॅपिक्साबॅन किंवा डॅबिगॅट्रनसारखं गुठळी न होऊ देणारं औषध लागतं, आणि लहानपणीच्या सांधेतापाने झडप आकसली असेल तर जुनं वॉरफरिनच.

वंदनाकाकू
आमच्या वस्तीतल्या बायका मशेरी लावतात, मी पण लावायचे. सिगारेटीने लकवा होतो म्हणतात, मशेरीने पण होतो का डॉक्टर?

डॉ_वऱ्हाडी
काकू, मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, बीपी आणि ठोके वाढतात, आणि बिनधुराच्या तंबाखूने जिवावर बेतणाऱ्या स्ट्रोकचा धोका वाढतो हे वेगवेगळ्या देशांत दिसलंय. तुम्ही सोडलीत हे फार छान केलंत, वस्तीतल्या बायकांना तुम्हीच सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. आणि सगळ्यांचं वर्षातून एकदा तरी बीपी मोजलं जाऊ दे, आपल्याकडे स्ट्रोकचं सगळ्यात मोठं कारण तेच, आणि ते दुखत नाही म्हणून कळत नाही.

फिजिओ_रुपाली
एक छोटी विनंती, ज्यांच्या घरी झटका होऊन गेलाय त्यांनी पेशंटला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. खांद्याचा सांधा सैल पडलेला असतो, निखळतो, आणि मग ते दुखणं हातापेक्षा जास्त छळतं. काखेत हात न घालता कमरेला धरून उठवा, झोपताना हाताखाली उशी द्या. व्यायाम डॉक्टरांनी हो म्हटलं की लगेच सुरू करा, पहिले तीन महिने सगळ्यात मोलाचे. सहा महिन्यांनी पण सुधारणा होते, फक्त मेहनत जास्त लागते.

मीनल_सातारा
ऑपरेशन झालं!! आधी खर्चाचं सांगते, कुणाला उपयोग होईल, हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि आपलं ऑपरेशन त्यात बसतं का हे तिथल्या आरोग्यमित्रांना अॅडमिशनच्या आधीच विचारा, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा.
बाबांना पूर्ण भूल दिली नाही, फक्त मान बधिर केली. डाव्या कॅरोटिडला चिमटा लावून थोडा वेळ रक्त बंद करतात, तेव्हा मेंदूला चालतंय का हे कळायला पेशंट जागा लागतो. उजव्या हातात दाबलं की चूं वाजणारं रबराचं खेळणं दिलं होतं आणि भूलतज्ज्ञ मॅडम बोलायला लावत होत्या. बाबांनी सातारा-महाबळेश्वर गाडीचे थांबे म्हणायला घेतले, मेढा, केळघर करत घाट चढले, चुकले कुठेच नाहीत. सर्जननी नंतर आम्हाला काढलेला थर डबीत दाखवला, पिवळट, कडक, जुन्या नळात धरलेल्या क्षारासारखा, आणि एका जागी फाटलेला, त्यावर लालसर गुठळी. ते बघून आप्तमंडळी एकदम गप्प झाली. मग अतिदक्षता विभागात एक रात्र बीपीवर बारीक लक्ष होतं, म्हणाले इतकी वर्षं कमी रक्तावर राहिलेल्या भागात एकदम जोरात रक्त गेलं तर डोकं दुखून फिट किंवा रक्तस्राव होऊ शकतो. तसं काही झालं नाही. कानाची पाळी आणि गालाखालचा भाग बधिर वाटतोय, दाढी करताना कळत नाही म्हणतात.

गोदाकाठ
वाचून डोळे भरून आले. मीनलताई, बाबांना खूप शुभेच्छा. आणि डॉक, सासूबाईंच्या पाकिटात सिनारिझिनच निघालं, बंद केलंय. एपली केल्यावर त्या रात्री पहिल्यांदा दोन्ही कुशींवर झोपल्या. थरथर अजून आहे, डॉक्टर म्हणाले उतरायला काही महिने लागू शकतात.

अभय_नाशिक
मीनलताई, मस्त बातमी. बाबांना आमच्या दोघांकडून नमस्कार.

मीनल_सातारा
डॉक, एक प्रश्न परत. बाबांचा कोलेस्ट्रॉलचा रिपोर्ट आला, एलडीएल ५८. बाबा म्हणतात आता नॉर्मल झालं तर ती गोळी बंद करा, पोटऱ्या पण दुखतात म्हणतात, आणि कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलंय की स्टॅटिनने स्मरणशक्ती जाते. काय सांगू त्यांना?

डॉ_वऱ्हाडी
५८ गोळीमुळे आहे, बंद केली की काही आठवड्यांत परत वर जाईल. बाबांसाठी ७० च्या खालीच ठेवायचंय, आणि तेही कायम, कारण उजवीकडचा ४० टक्के तिथेच आहे. पोटऱ्यांचं दुखणं मात्र झटकू नका, सीपीके (स्नायूंना इजा होतेय का ते सांगणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी बघून घ्या. सीपीके फार वाढलेलं नसेल तर डोस कमी करून सोबत इझेटिमाइब नावाचं कोलेस्ट्रॉलचं दुसरं औषध देता येतं, किंवा दुसरं स्टॅटिन. लघवी गडद तपकिरी झाली तर तेवढी गोळी थांबवून लगेच दाखवा. स्मरणशक्तीचं म्हणाल तर ती जाते ती अशा बारीक बारीक स्ट्रोकने, स्टॅटिनने जाते असं मोठ्या अभ्यासांत आढळलेलं नाही. क्लोपिडोग्रेल बंद करायची तारीख कार्डवर आहे ना? आणि ऑपरेशनच्या बाजूची डॉपलर कधी करायची ते सर्जनना विचारून ठेवा.

मीनल_सातारा
तारीख आहे, कॅलेंडरवर पण लिहिली. सीपीके उद्या करते. अॅस्पिरिन उपाशीपोटी चालते का, बाबा सकाळी उठल्या उठल्या घेतात.

डॉ_वऱ्हाडी
नको, जेवणानंतर. आणि अॅसिडिटीची गोळी लागलीच तर क्लोपिडोग्रेल चालू असेपर्यंत ओमेप्राझोल टाळा, पँटोप्राझोल चालेल, पण डॉक्टरांना विचारून.

मीनल_सातारा
ओमेप्राझोलच आहे घरात. बदलून आणते.